फुग्यावरून इंटरनेट द्यायचं असेल तर आधी जमिनीवरची कामं उरका

दुर्गम भागात उंच फुग्यांवरून इंटरनेट पोचवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, फुगा केवढा लागेल? मी रेडिओ नेटवर्क आखायचं काम करतो. मी आधी विचारतो, ग्राउंड स्टेशन, म्हणजे जमिनीवरून फुग्याला इंटरनेट पुरवणारं केंद्र, कुठं उभं करणार, आणि तिथल्या मोबाइल कंपनीशी करार झालाय का? फुगा म्हणजे वीस किलोमीटर उंचीवर नेलेला टॉवर. त्याला इंटरनेट खालूनच पुरवावं लागतं आणि लोकांच्या खिशातलं सिम त्याने ओळखावं लागतं. ही दोन कामं झाली नसतील तर वर काहीही तरंगत असलं तरी खालच्या फोनवर सिग्नलची एक काडीसुद्धा येणार नाही.

सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरचं मोबाइल नेटवर्क जवळपास झोपवलं. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिच्या 'लून' या फुग्यांवरून इंटरनेट देणाऱ्या प्रकल्पाचे फुगे तिथे सेवा द्यायला लागेपर्यंत महिना गेला, कारण परवाना, स्थानिक कंपन्यांशी जोडणी, सगळं वादळानंतर करावं लागलं. मे 2019 मध्ये पेरूत 8 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा तिथल्या मोबाइल कंपनीशी जोडणीचं काम आधीच झालेलं होतं, ग्राउंड स्टेशनंही तयार होती. तिथे 48 तासांत फोन जोडले गेले. आपत्तीसाठी फुगे ठेवायचा विचार असेल तर तहान लागल्यावर विहीर खणू नका. करार, परवाना आणि स्टेशन शांततेच्या दिवसांतच करून ठेवा.

म्हणून सुरुवात माणसांपासून करा. त्या भागात लोकांकडे कोणते हँडसेट आहेत, ते फोरजी पकडतात का, पकडत असतील तर कोणत्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर), याची घरोघरी नोंद करा. काम कंटाळवाणं आहे, पण मी ते कधीच टाळू देत नाही. साधे टूजी फोन असलेल्या वस्तीवर फोरजीचा फुगा आणून उभा केला तर त्या वस्तीची फसवणूकच होते. ग्राउंड स्टेशनची जागा फायबर आणि खात्रीची वीज पाहून ठरवा. स्टेशन आणि फुगा यांच्यातला दुवा बहुतेक वेळा उच्च फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि मुसळधार पावसात तो क्षीण होतो. त्यासाठी एकमेकांपासून दूर अशी दोन स्टेशनं ठेवा, म्हणजे एकावर पाऊस कोसळत असताना दुसरं काम करील. जवळपास फायबर नसेल तर फुग्याकडून फुग्याकडे सिग्नल नेता येतो. लूनने 2018 मध्ये सात फुग्यांच्या साखळीतून सुमारे 1000 किलोमीटर डेटा पाठवून दाखवला होता.

आता भूमिती. फुगा 20 किलोमीटरवर आणि सेवेची त्रिज्या 40 किलोमीटर धरली, तर कडेला उभ्या असलेल्या माणसाला तो क्षितिजापासून सुमारे 27 अंश वर असतो. एवढ्या कोनातून येणारा सिग्नल डोंगराच्या धारेवरून खोऱ्यात उतरतो, आणि फुग्याची खरी ताकद हीच. मात्र बरोबर खाली असलेल्यापेक्षा कडेच्या माणसाला सिग्नल सुमारे 7 डेसिबल कमी, म्हणजे साधारण पाचवा हिस्साच मिळतो, आणि पत्र्याच्या छपराखाली आणखी कमी. शाळा आणि दवाखान्यांच्या छतावर बाहेरचा अँटेना लावून आत वायफाय द्या. एक फुगा सुमारे 5000 चौरस किलोमीटर झाकतो, पण त्याची क्षमता मोजक्या टॉवरांइतकीच असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. त्यामुळे दाट वस्तीला हा उपाय सुचवू नका. विरळ, विखुरलेल्या वस्तीसाठीच तो आहे.

आता फुग्याच्या आकाराकडे येऊ. जमिनीजवळ एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. वीस किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की तोच घनमीटर जेमतेम 76 ग्रॅम पेलतो. आवरण, उपकरणं, बॅटरी, पॅराशूट मिळून 100 किलो धरले तर वर सुमारे 1300 घनमीटर जागा लागते, म्हणजे साडेतेरा मीटर व्यासाचा गोळा. तोच वायू खाली शंभरेक घनमीटरच भरतो. म्हणून सोडताना फुगा वरच्या टोकाला थोडासा फुगलेला आणि खाली लोंबणाऱ्या पिशवीसारखा दिसतो. नवखी माणसं घाबरून आणखी वायू भरायला बघतात. भरू देऊ नका. ताणकाट्यावर उचल मोजा आणि ठरलेल्या आकड्याला थांबा.

आवरण बंद आणि दाब सहन करणारं हवं. साध्या फुग्यातला वायू उन्हाने प्रसरण पावतो, जास्तीचा बाहेर जातो आणि रात्री फुगा खाली येतो. दाब धरणारा फुगा आकारमान बदलू देत नाही, म्हणून महिनोन्‌महिने टिकतो. लूनचा एक फुगा 312 दिवस वर राहिला. त्याचं आवरण 0.076 मिलिमीटर जाडीच्या पॉलिथिनचं होतं. असा पडदा टेबलावर पसरला की बोटातल्या अंगठीचा ओरखडा, घडीत अडकलेला वाळूचा कण, सगळं महागात पडतं, कारण सुईच्या टोकाएवढं छिद्र काही दिवसांत फुगा उतरवू शकतं. अंगठ्या, घड्याळं बाहेर काढून ठेवा, बूट दाराबाहेर, आणि प्रत्येक घडी हातमोज्याने चाचपून उलगडा.

उपकरणांना थंडीइतकाच उष्णतेचा धोका असतो. बाहेर उणे 55 अंशांच्या आसपास असलं तरी विरळ हवेत पंखा निरुपयोगी, त्यामुळे भर उन्हात ट्रान्समीटर तापत जातो आणि रात्री बॅटरी गारठते. बॅटरी उबदार पेटीत ठेवा, ट्रान्समीटरची उष्णता धातूच्या पट्ट्यांनी बाहेरच्या पत्र्यापर्यंत न्या, आणि थंड निर्वात कक्षात चाचणी झाल्याशिवाय काही उडवू नका.

घोडं पेंड खातं ते वाऱ्यापाशी. फुग्याला इंजिन नसतं. आतल्या वेगळ्या कप्प्यात हवा भरली की तो खाली येतो, सोडली की वर जातो. वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांना वाहतात, त्यातला सोयीचा थर शोधायचा. केनियात जुलै 2020 मध्ये लूनची सुमारे 35 फुग्यांवर, जवळपास 50,000 चौरस किलोमीटरसाठी सेवा सुरू झाली. भूमितीच्या हिशेबाने तिथे दहा पुरायला हवेत. बाकीचे वाऱ्याने वाहून गेलेल्यांच्या जागी येण्यासाठी लागतात. तुमच्या अंदाजपत्रकात भूमितीचा आकडा किमान साडेतीनपट करा आणि ऋतूप्रमाणे तपासा. विषुववृत्ताजवळ वरचे वारे साधारण 28 महिन्यांच्या चक्रात दिशा पालटतात, तेव्हा एका वर्षाच्या नोंदींवर विसंबू नका.

परवानग्या दोन प्रकारच्या. आकाशासाठी विमान वाहतूक खात्याची: प्रवासी विमानं 10 ते 12 किलोमीटरवर उडतात, म्हणजे चढताना आणि उतरताना फुगा त्यांच्या वाटेतून जातो. ट्रान्सपाँडर (आपली जागा विमानांना आणि हवाई नियंत्रणाला कळवणारं यंत्र) लावा, आधी सूचना द्या, आणि ज्या ज्या देशांवरून तो वाहत जाऊ शकतो त्या सगळ्यांची संमती घ्या. दुसरी, स्पेक्ट्रमची, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी वापरायची. 2023 च्या जागतिक रेडिओ परिषदेने 2.7 गिगाहर्ट्‌झखालचे काही मोबाइल बँड अशा उंचावरच्या केंद्रांना खुले केले, पण तुमच्या देशातला परवाना वेगळा काढावाच लागतो.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलतो. लून जानेवारी 2021 मध्ये बंद झाला, कारण खर्च टिकाऊ धंद्याइतका खाली आणता आला नाही. त्यामुळे एखाद्याच खोऱ्याला कायमची सेवा हवी असेल तर मी दोरीला बांधलेला फुगा सुचवतो. तो 300 मीटरवर राहतो, तिथून क्षितिज साठेक किलोमीटरवर असतं, आणि वीज व फायबर दोरीतूनच वर जातात. वाऱ्याच्या थरांचा सगळा खेळ वाचतो. मात्र वादळ आलं की तो उतरवावा लागतो, तेव्हा विंच (दोरी गुंडाळणारं यंत्र) चालवायला शिकलेली दोन माणसं त्याच गावातली हवीत. त्यांचा पगार पहिल्या दिवसापासून खर्चात धरा, आणि फुगा खाली असेल तेव्हा दवाखान्याचा संपर्क कशावरून चालेल हेही आधीच ठरवा.