पंखा-दिव्याचा भिंतीवरचा रेग्युलेटर बदलताना

आधी एमसीबी (मीटरजवळच्या किंवा मेन बोर्डातला, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बंद करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण बोर्डातल्या बटणापर्यंत फेज, म्हणजे करंट असलेली वायर, येतच असतो. टेस्टर (करंट असला की पेटणारा दिवा असलेला स्क्रूड्रायव्हर) आधी दुसऱ्या चालू पॉइंटवर लावून पाहा, तो पेटतो याची खात्री झाली की मगच या बोर्डातली प्रत्येक वायर तपासा.

प्लेट उघडली की काहीही सोडवण्याआधी फोटो काढा. साध्या रेग्युलेटरला दोनच वायरी असतात: एक पंख्याच्या बटणाकडून आलेली, दुसरी वर पंख्याला जाणारी. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तिथे जोडायचा नसतो. चुकून जोडलात तर शॉर्टसर्किट होऊन एमसीबी पडू शकतो. रिमोटवर चालणाऱ्या रेग्युलेटरला मात्र बहुधा न्यूट्रल लागतो, तेव्हा बोर्डात तो आहे का हे खरेदीआधीच बघा.

सगळ्यात जास्त चूक होते ती दिव्याचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारा रेग्युलेटर) पंख्याला लावण्यात. पंखा घुंघुं करतो, मोटर तापते. पंख्याला कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटरच, म्हणजे ठराविक टप्प्यांत स्पीड बदलणारा, घ्या. बीएलडीसी पंख्याला (ज्याचा स्पीड आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं) तोही नको, सरळ बटण द्या. दिव्याला डिमर हवा असेल तर एलईडीवर ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं, नाहीतर तो लुकलुकतो.

वायरीचं टोक साधारण 8 ते 10 मिमी सोला, तारा पिळून टर्मिनलमध्ये घाला, स्क्रू आवळा आणि वायर ओढून बघा. सैल राहिली तर ठिणग्या पडून प्लास्टिक वितळतं. जुन्या वायरीचं टोक काळं पडलेलं असेल तर तेवढं कापून टाका. मग प्लेट बसवून एमसीबी चालू करा आणि पंखा प्रत्येक स्पीडवर फिरवून पाहा.