गिअरबॉक्समध्ये शिरलेले कूलंट

शीव-पनवेल मार्गावर माझी जुनी ऑटोमॅटिक गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागली आणि कोठेही गळती दिसत नसताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी घटू लागली, म्हणून ती टो करूनच कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये नेली. गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल तपासायची पट्टी) काढल्यावर लाल ऑइलऐवजी सोलकढीसारखा गढूळ गुलाबी द्रव दिसला. या गाडीत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून गंजून फुटला की दोन्ही द्रव मिसळतात आणि कूलंटमधील पाणी व ग्लायकॉल गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांवरील अस्तर धरून ठेवणारा गोंद सैल करतात.

मेकॅनिकच्या मते एकदा ऑइल बदलणे पुरेसे होते. मला ते पटले नाही, कारण टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) बरेच ऑइल अडकून राहते आणि गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढला तरी ते बाहेर पडत नाही. त्यामुळे आधी रेडिएटर बदलला, ऑइलसाठी बाहेर स्वतंत्र कूलर बसवला, गिअरबॉक्सखालचे ऑइलचे पॅन उतरवून फिल्टर नवा घातला आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल, ते स्वच्छ लाल दिसेपर्यंत, पुनःपुन्हा भरून काढले. खर्च बराच झाला, तरी गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा कमीच. थरथर थांबली आहे. मात्र भिजलेल्या प्लेटा किती टिकतील याची खात्री नसल्याने डिपस्टिक नियमित तपासतो.