रात्रीच्या तातडीच्या फोनसाठी तयारीची यादी

नळ, वीज, कुलूप अशी घरदुरुस्तीची कामं करणाऱ्या आपल्याला रात्री फोन करणाऱ्याला दुरुस्ती हवी असते. आपलं काम मात्र आधी नुकसान थांबवायचं. पक्की दुरुस्ती दिवसाउजेडी. म्हणून ही यादी पिशवीपासून नाही, फोनपासून सुरू होते.

फोनशेजारी वही ठेवा आणि पहिल्याच पानावर प्रश्न लिहून ठेवा, कारण अर्धवट झोपेत एखादा हमखास राहून जातो. पाणी नेमकं कुठून येतंय, कधीपासून, मेन कॉक (सगळ्या घराचं पाणी बंद करणारा) कुठे आहे, पाणी विजेच्या बोर्डापर्यंत किंवा छतातल्या दिव्यापर्यंत पोचलंय का. मग फोनवरूनच कामाला लावा: मेन कॉक बंद करा, गीझरचं बटण बंद करा, सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी काढून टाका. बोर्ड ओला असेल किंवा पायाखाली पाणी असेल, तर स्विचला हात न लावता बाजूला व्हायला सांगा. शक्य असेल तर व्हिडिओ मागवा. कितीदा तरी निकड इथेच संपते. तसं झालं तर ‘सकाळी येतो’ असं सरळ सांगावं. फेरीचे पैसे बुडतात, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा बोलावतं.

काही फोनना नाहीच म्हणायचं. गॅसचा वास येत असेल तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅसवाल्यांच्या तातडीच्या नंबरवर फोन करा, एवढंच सांगायचं. बोर्डातून धूर निघत असेल तर अग्निशमन दल. हे नंबर त्याच पानावर हवेत.

निघण्याआधी रात्रीचा दर आणि त्यात काय-काय येतं हे मेसेजवर कळवा, ‘हो’ आल्यावरच किल्ली उचला. कुठे जातोय हे घरच्या कोणाला तरी सांगून निघा. कुलूप उघडायचं असेल तर फोन करणारा तिथेच राहतो याची खात्री शेजाऱ्याकडून किंवा ओळखपत्रावरून करून घ्या. कितीही गयावया केली तरी.

रात्रीची पिशवी वेगळी ठेवा, दिवसाच्या कामाला तिच्यातलं काही घेऊ नका. डोक्याला बांधायची बॅटरी, जादा सेल, रबरी हातमोजे, वीज आहे का ते दाखवणारा टेस्टर. टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर तपासून मगच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. दोन पाइप पाने हवेतच: जुना लोखंडी पाइप एका पान्याने धरून दुसऱ्याने फिरवला नाही, तर जोड सुटायच्या ऐवजी भिंतीतला पाइप मोडतो. अर्धा, पाऊण आणि एक इंची एंड कॅप आणि प्लग (पाइपाचं तोंड बंद करायला), रबर लावलेले क्लॅम्प, टेफ्लॉन टेप, वायसर. सोल्युशनने चिकटवलेल्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या पाइपाच्या) जोडाला वाळायला वेळ लागतो, लगेच पूर्ण दाबाचं पाणी सोडता येत नाही. म्हणून रात्रीसाठी आवळून बसणारे जोड बरे. जुने टॉवेल आणि प्लास्टिकचा मोठा कागद विसरू नका. भिजलेलं घर पुसायला हात लावला की लोक निम्मे शांत होतात.

निघताना काय बंद ठेवलंय ते चिठ्ठीवर लिहून तिथेच चिकटवा आणि फोटो काढा. नाहीतर पहाटे घरातलं दुसरंच कोणी उठून तो कॉक उघडतं.