सेप्टिक शॉकमधले स्टेरॉइड आणि पंपावरचा आकडा

मेडिसिनची रेसिडेन्सी सुरू होऊन तीन महिने झाले होते, तेव्हाच्या एका रात्रीविषयी लिहीत आहे, कारण आयसीयूत नव्याने पोस्टिंग लागलेले रेसिडेंट्स पंपावरचा आकडा म्हणजेच डोस समजण्याची तीच चूक करताना मला अजून दिसतात.

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक उतरतो तेव्हा, हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड केव्हा द्यायचे, हे सगळ्यांना पाठ असते. 2021 च्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या शिफारशींनुसार रक्तदाब वाढवणारे औषध नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुरू करून चार तास झाल्यावरही ते मिनिटाला दर किलोमागे 0.25 मायक्रोग्रॅम किंवा अधिक लागत असेल, तर दिवसाला 200 मिलिग्रॅम, म्हणजे दर सहा तासांनी 50. अडते ते हिशेबाशी.

माझी रुग्ण 45 किलोची होती आणि मूत्रमार्गाच्या संसर्गातून शॉकमध्ये गेली होती. पंपावरच्या 50 मिलीच्या सिरिंजमध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे 4 मिलिग्रॅम, वेग ताशी 10 मिली. म्हणजे एका मिलीत 80 मायक्रोग्रॅम, तासाला 800, मिनिटाला सुमारे 13.3, आणि 45 ने भागल्यावर 0.30. हाच वेग 60 किलोच्या रुग्णात 0.22 होतो. मी भागाकार केलाच नाही. पहाटे दोनला सिस्टरने दुप्पट ताकदीची, 8 मिलिग्रॅमची सिरिंज लावली, वेग 5 वर आणला आणि सिरिंजवर पट्टी चिकटवून तसे लिहिलेही. मी मात्र पंपावरचा आकडा तेवढा पाहिला आणि केसपेपरवर लिहिले, 'नॉरअ‍ॅड निम्म्यावर, शॉक सुधारतो आहे, स्टेरॉइड नको.' प्रत्यक्षात डोस तसूभरही कमी झालेला नव्हता. सकाळी आठच्या राउंडला मॅडमनी ती पट्टी मला मोठ्याने वाचायला लावली, तोवर सहा तास गेले होते.

ती रुग्ण बरी होऊन घरी गेली. असे काही तास हातून गेले, तर खचून जाऊ नका. 2018 च्या 'अ‍ॅड्रिनल' नावाच्या औषध-चाचणीत 90 दिवसांचा मृत्युदर हायड्रोकॉर्टिझोन गटात 27.9 टक्के आणि ते न मिळालेल्या गटात 28.8 टक्के होता, म्हणजे ठोस फरक नव्हता. शॉक मात्र चारऐवजी तीन दिवसांत ओसरला. त्याच वर्षीच्या फ्रान्समधील चाचणीत फ्लुड्रोकॉर्टिझोन या आणखी एका स्टेरॉइडची जोड होती, तिथे हे प्रमाण 49.1 वरून 43 टक्क्यांवर आले. वेळेवरचे अँटिबायोटिक आणि पू काढून टाकणे यांची जागा स्टेरॉइड घेत नाही.

डोस चुकीचा वाचणे मात्र खपवून घेऊ नका. अ‍ॅम्प्यूलच्या लेबलवरचा आकडा क्षाराचा आहे की मूळ औषधाचा, हेही वाचा. 2 मिलिग्रॅम बायटार्ट्रेट या क्षारात मूळ नॉरअ‍ॅड्रेनॅलिन साधारण 1 मिलिग्रॅमच असते, म्हणजे इथे चुकले की सगळाच हिशेब दुपटीने चुकतो. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरला माझा विरोध नाही, पण पहिले तीन महिने हाताने गणित करावे, असे माझे ठाम मत आहे. 'देऊन टाक, नुकसान काही नाही' असे सांगणाऱ्या सीनियरचेही ऐकू नका. साखर आणि सोडियम चढते, ते रात्रभर तुम्हालाच सांभाळावे लागते.

कॉर्टिसोल या शरीरातल्या नैसर्गिक स्टेरॉइडच्या रिपोर्टसाठी थांबू नका. नातेवाइकांना मात्र दम्याच्या गोळ्यांविषयी आणि गुडघेदुखीच्या पुड्यांविषयी नेमके विचारा. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते, आणि वर्षानुवर्षे ते घेतलेल्या रुग्णाची, कॉर्टिसोल बनवणारी, अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावलेली असू शकते. तिथे 0.25 ची वाट पाहायची नसते.

हँडओव्हर देताना मी आता 'नॉरअ‍ॅड 10 वर' असे म्हणत नाही. सिरिंजची ताकद, वजन आणि मायक्रोग्रॅम ही तिन्ही सांगते, आणि घेणाऱ्याला पट्टी वाचायला लावते.