सॅच्युरेटेड फॅट किती चालतं? हिशोब करताना या चुका टाळा

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट जरा वर आला की आधी बटर बंद होतं, मग अंड्यातला बलक जातो, आणि तीन महिन्यांनी परत तपासलं तर आकडा जवळपास तिथल्या तिथेच. मग माणूस वैतागतो आणि म्हणतो, पथ्याने काही होत नाही. होतं हो, नक्की होतं, पण बऱ्याचदा एकतर हिशोब चुकलेला असतो नाहीतर बटरच्या जागी भलतंच काहीतरी आलेलं असतं, आणि मला विचाराल तर ही दुसरी चूक जास्त महागात पडते.

आधी हिशोब बघू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराच्या कॅलरीपैकी जास्तीत जास्त १० टक्के सॅच्युरेटेड फॅटमधून, म्हणजे बटर, चीज, नारळाच्या तेलात भरपूर असणाऱ्या आणि कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या फॅटमधून, याव्यात. आता हे १० टक्के कुणी ताटातल्या वजनाचे धरतं, कुणी एकूण फॅटचे धरतं, दोन्ही चूक. तुम्ही २००० कॅलरी खात असाल तर त्यातल्या २०० कॅलरी, आणि एका ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी असतात म्हणून साधारण २२ ग्रॅम. १६०० कॅलरीवाल्यांसाठी १८ च्या आत. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशन ६ टक्क्यांच्या खाली राहा म्हणते, म्हणजे २००० कॅलरीला जेमतेम १३ ग्रॅम. आणि २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट म्हणजे २२ ग्रॅम बटर नव्हे, बटरचा साधारण निम्मा भागच सॅच्युरेटेड असतो.

एकच पदार्थ गुन्हेगार ठरवून मोकळं होणं हीसुद्धा चूकच. सकाळी एक मोठा चमचा बटर म्हणजे ७ ग्रॅम, ३० ग्रॅम चीज म्हणजे साधारण ६, एक कप फुल फॅट दूध साडेचार, स्वयंपाकात दोन मोठे चमचे सूर्यफुलाचं तेल त्यातले ३, झाले की वीस! कुठेच अतिरेक नाही तरी कोटा संपत आला, आणि बिस्किटं तर अजून मोजलीच नाहीत.

पाकिटावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून निर्धास्त होऊ नका. वनस्पतीजन्य पदार्थात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, पण पाम तेल निम्मं सॅच्युरेटेड आणि नारळाचं तेल तर ८० टक्क्यांच्या वर, त्याच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२ ग्रॅम. पाकिटाच्या मागे सॅच्युरेटेड फॅटची वेगळी ओळ असते ती वाचा, आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका सर्व्हिंगचा हेही बघा.

आता मुख्य चूक. फॅट काढलं, भूक लागली, म्हणून मैद्याचं आणि गोड खाणं वाढलं, वर ‘लो फॅट’ लिहिलेलं साखर घातलेलं दही. यात एलडीएल थोडं उतरेलही, पण ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी वाढते, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल कमी होतं, हृदयाच्या पदरात काहीच पडत नाही. तेच बटरऐवजी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरीसारखं तेल, अक्रोड-बदाम, मासे आले तर एलडीएल उतरतं आणि हृदयविकाराचा धोकाही कमी होतो. अनेक अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात, निदान दोन वर्षं सॅच्युरेटेड फॅट कमी ठेवणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे घटना मिळून सुमारे १७ टक्क्यांनी कमी दिसल्या. म्हणून काय सोडलं याच्याइतकंच त्या जागी काय घेतलं तेही लिहून ठेवा, खरंच लिहून ठेवा.

शून्यावर आणायचा हट्टही नको. तेलाबिलात, सुक्यामेव्यात थोडं असतंच, आणि फॅट पूर्ण तोडलं तर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्स नीट शोषली जात नाहीत.

सगळं नीट करूनही दोन-तीन महिन्यांत एलडीएल हललं नाही तर स्वतःला दोष देत बसू नका, डॉक्टरांना थायरॉइड तपासायचं का विचारा, आणि एलडीएल १९० च्या वर असेल किंवा घरात कमी वयात कुणाला हार्ट अटॅक आला असेल तर ते आनुवंशिक असू शकतं, तिथे नुसत्या पथ्यावर भागत नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आकडा खाली आला म्हणून ती मनाने बंद करू नका, बऱ्याचदा तो आकडा त्या गोळीमुळेच खाली आलेला असतो.