चाचणीतला प्रश्न चांगला की वाईट, हे कसं काढायचं

समजा 74 पेपर तपासून झाले. एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमानं गठ्ठा लावा. वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के वेगळे काढा, म्हणजे 20-20 पेपर. (27 हा आकडा ट्रुमन केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1939 मध्ये गणितानं मांडला.) मधले बाजूला ठेवा.

आता एकेक प्रश्न घ्या. प्रश्न 7 वरच्या गटात 16 जणांना आला, खालच्या गटात 6 जणांना. काठिण्य मूल्य, म्हणजे दोन्ही गटांत मिळून किती जणांना प्रश्न आला याचं प्रमाण: (16 + 6) भागिले 40, म्हणजे 0.55. नाव काठिण्य असलं तरी आकडा मोठा तेवढा प्रश्न सोपा. इथे हमखास गोंधळ होतो. भेदन मूल्य, म्हणजे प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो याचा आकडा: (16 − 6) भागिले 20, म्हणजे 0.50. हा प्रश्न ठेवा. 0.20 च्या खाली आलं तर प्रश्न दुरुस्त करा किंवा काढा.

भेदन मूल्य उणे आलं तर मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची बघा. ‘0.5 × 0.2 = ?’ याचं उत्तर सूचीत चुकून 1 छापलं गेलं, की 0.1 लिहिणारी हुशार मुलंच चुकीची ठरतात. सूची बरोबर असेल तर शब्दरचना तपासा.

प्रश्न बहुपर्यायी असेल तर जो चुकीचा पर्याय कुणीच निवडला नाही, तो नुसती जागा अडवतो, बदला.

वर्गात 30च मुलं असतील तर 27 टक्के म्हणजे जेमतेम 8. एका मुलानं अंदाजपंचे खूण केली तरी भेदन मूल्य 0.125 नं हलतं. तिथे सरळ अर्धे-अर्धे गट करा.