तारांकित रात्र हिरवी का होते? मुलांच्या चित्रवर्गात या चुका टाळा

उन्हाळी सुट्टीत साताऱ्यात मी सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा चित्रवर्ग घेते. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने डच चित्रकार व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्र’ या चित्रापासून सुरुवात केली. तासाभरात बारा मुलांची बारा आकाशं शेवाळलेल्या हौदासारखी हिरवी झाली. नातीला न्यायला आलेल्या आजोबांनी विचारलं, "बाई, कास तलाव काढलाय का?" मी हो म्हणून टाकलं.

चूक माझी होती. निळं आकाश ओलं असतानाच त्यावर पिवळे तारे काढायला लावले होते. निळ्यात पिवळं मिसळलं की हिरवं होणारच, आणि सात वर्षांच्या मुलाला "वाळेपर्यंत थांब" म्हणून उपयोग नसतो. म्हणून आता क्रमच उलटा केलाय. आधी पिवळ्या-पांढऱ्या ऑइल पेस्टलने तारे आणि वाऱ्याचे तुटक, वळणदार फटकारे मारायचे. मग वरून निळ्या जलरंगाचा पातळ हात फिरवायचा. पेस्टल तेलकट असल्याने पाणी तिथे ठरत नाही आणि तारे आपोआप उजळून येतात. या वेळी वर्गात "आई शप्पत!" ऐकू येतं.

तरीही तारे दिसेनासे झाले, तर दोन कारणं बघा. एक तर निळा म्हणून पोस्टर कलर घेतला असेल. तो अपारदर्शक असतो, पेस्टललाही झाकून टाकतो. त्याऐवजी वड्यांचे जलरंग घ्या. दुसरं म्हणजे पेस्टल हलक्या हाताने फिरवला असेल. कागदाचे पांढरे ठिपके मधून दिसले, की निळा तिथेच शिरतो. खडू मोडला तरी चालेल, पण दाबून घासायला सांगा.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे चित्राचा प्रिंट समोर ठेवून "अस्संच काढा" म्हणणं. व्हॅन गॉगने हे चित्र जून 1889मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना काढलं. देखावा त्याच्या खोलीच्या खिडकीतला, पण रंगवला दिवसा, दुसऱ्या खोलीत, आठवणीतून. त्यात मनाचंही बरंच घातलं. मग आपल्या मुलांनी फ्रान्समधलं गाव का काढावं? मी प्रिंट पाच मिनिटं दाखवते आणि पालथा घालते. नंतर एकच प्रश्न विचारते, रात्री तुझ्या खिडकीतून काय दिसतं? मग अजिंक्यतारा किल्ला येतो, टॉवरचा लाल दिवा येतो, समोरच्यांची पाण्याची टाकी येते. फटकारे मात्र व्हॅन गॉगचे राहतात.

ठिपक्यांचा चित्रकार जॉर्ज सरा हा संयमाचा मामला. त्याचं ‘ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारचं चित्र साधारण दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे, आणि त्याला 1884 ते 1886 अशी दोन वर्षं लागली. आपण मुलाला अख्खी ड्रॉइंग शीट देतो आणि म्हणतो, ठिपक्यांनी भर! वीस मिनिटांत ठिपक्यांच्या रेघा होतात आणि रेघांचं फरफटणं. कागद पोस्टकार्डाएवढाच द्या. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू उत्तम. ब्रश नको, प्रत्येक रंगाला वेगळा इअरबड. ठिपके एकमेकांत वाहत असतील तर रंग पातळ झालाय. तो घट्ट दह्यासारखा हवा, आणि दोन ठिपक्यांत थोडा कागद मोकळा राहू द्या.

पण हे ठिपके कशासाठी, हे मुलांना कळत नाही तोवर सगळं कंटाळवाणंच. मी कासचं पठार आठवायला सांगते. सप्टेंबरात लांबून एकच रंग पसरल्यासारखा वाटतो. जवळ गेलं की गुलाबी तेरडा वेगळा, पिवळी सोनकी वेगळी, सीतेची आसवं वेगळी. मग चित्रं व्हरांड्याच्या एका टोकाला मांडून दुसऱ्या टोकावरून बघायची. काही मुलं तिथून पळत परत येऊन आणखी ठिपके देतात.

फ्रेंच चित्रकार मातिसच्या कागदकामात, म्हणजे रंगीत कागद कापून चिकटवलेल्या चित्रांत, बहुतेक जण पेन्सिलीने आकार आखून देतात आणि सगळी गंमत तिथेच संपते. 1941च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातिस बराच काळ अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळला होता. मदतनीस कागद रंगवून देत आणि तो थेट कात्रीनेच आकार काढी. तेव्हा कागद आदल्या दिवशी रंगवून वाळवून ठेवा, पेन्सिली गोळा करा आणि कात्री नव्हे, कागद फिरवायला शिकवा. कापताना पंखा बंद! मे महिन्यात मुलं कुरकुरतात, पण एकदा सगळ्यांचे तुकडे उडून एकत्र झाले की कुणाचं पान कुणाचं, यावर अर्धा तास भांडण चालतं. चिकटवायची घाईही करू देऊ नका. आधी नुसतं मांडायचं, सरकवायचं, मग फेविकॉल. तोही कागदावर ओतायचा नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर थेंबभर घेऊन बोटाने कडांना लावायचा. कागद द्रोणासारखा वळला, तर फेविकॉल जास्त झाला समजा आणि रात्रभर जाड वह्यांखाली दाबून ठेवा.

डच चित्रकार मोंद्रियानच्या, काळ्या रेघांमध्ये सपाट रंग भरलेल्या चौकटींत ओल्या रंगावर काळं स्केचपेन फिरवलं की शाई फुटते. सरळ काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवा, कमी-जास्त जाडीच्या. शेवटी न्यूयॉर्कमध्ये तोही रंगीत टेपच्या पट्ट्या कॅनव्हासवर सरकवून बघायचा. चौकटीला कंदी पेढ्याच्या खोक्याचं झाकण छान बसतं.

रविवर्मा करायचे असतील, तर आधी मुलांना सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात न्या. तिथे त्यांची चित्रं समोर उभं राहून बघता येतात. वर्गात मग साडीच्या जागी जरीच्या चिंध्या लावाव्यात. झिरझिरीत कापडातून फेविकॉल वर येऊन डाग पडतो, म्हणून चिंधी मागून कागदाला चिकटवून, वाळल्यावरच कापा.

राहिले पालक. "जरा नाक नीट करून द्या ना" म्हणत ब्रश हातात घेणाऱ्यांना मी दाराबाहेर चहा देते.

आणि हो, चित्रं दोरीवर टांगून वाळवू नका, ओला रंग ओघळतो. जमिनीवर वर्तमानपत्रांवर पसरा. पण त्याआधी, रंगाला हात लावायच्याही आधी, प्रत्येकाचं नाव मागे पेन्सिलीने लिहून घ्या. बारा निळी आकाशं शेजारी शेजारी वाळत पडली की आपलं कुठलं, हे त्या बारा जणांनाही सांगता येत नाही.